खरा विद्यार्थी, खोटा फोटो

‘पत्रकारिता विभागाच्या जाहिरातीत स्टॉक फोटो (विकत मिळणारे तयार फोटो) टाळून आपलेच विद्यार्थी दाखवले की झालं’ असं म्हणतात; मला हे अर्धंच पटलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या २००० सालच्या प्रवेशपुस्तिकेवरचा कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथलाच होता. फक्त तो त्या फुटबॉल सामन्याला गेलाच नव्हता! विविधता दिसावी म्हणून गोऱ्या प्रेक्षकांच्या जुन्या फोटोत त्याचा चेहरा चिकटवलेला. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड बाकीच्यांशी जुळेना, आणि हे उघड केलं विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने. पुस्तिका नव्याने छापावी लागली.

पत्रकारिता विभागाने तर हे करूच नये. वर्गात शिकवायचं की वृत्तछायाचित्रात माणूस घालायचा-काढायचा नाही, आणि जाहिरातीत नेमकं तेच! डिझायनरला लेखी सांगा: क्रॉप आणि रंगदुरुस्ती चालेल, जोडकाम नाही. शूट ठरवून बोलावलेल्या घोळक्याचं नको, कारण मग दरवेळी त्याच दोघा-तिघांना निरोप जातो; रेडिओ स्टुडिओत, एडिटिंगला जे बसलेत त्यांचं करा. संमतीपत्रात फोटो कोणत्या माध्यमात आणि किती मुदतीपर्यंत वापरणार, हे दोन्ही हवं, शिवाय फोटोओळीत अभ्यासक्रम व वर्ष. नाहीतर पास होऊन गेलेली मुलगी पाच वर्षं बॅनरवर विभागाची ‘विविधता’ सांभाळत बसते.