मदत हवी आहे: न्यूटनच्या जन्मतारखेत १० दिवसांचा फरक, मृत्यूच्या तारखेत ११ चा. असं का?

नमस्कार मंडळी,

विज्ञानाच्या इतिहासाचा कालपट तयार करते आहे. घटना तारीखवार लावायच्या आणि मधले दिवस मोजायचे. न्यूटनपाशी येऊन गाडी अडली. त्याचा जन्म कुठे २५ डिसेंबर १६४२ दिलाय, कुठे ४ जानेवारी १६४३. मृत्यू २० मार्च किंवा ३१ मार्च. एकदा १० दिवसांचा फरक, एकदा ११ चा. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या स्मारकावर वर्ष १७२६ कोरलंय, पुस्तकांत सर्रास १७२७.

ज्युलियन आणि ग्रेगोरियन ही दोन कॅलेंडरं आहेत हे माहीत आहे. पण एकाच माणसाच्या बाबतीत फरक बदलतो कसा?

शिवाय मूळ हिशेबही जुळत नाही. ज्युलियस सीझरचं कॅलेंडर इ.स.पू. ४५ पासून लागू झालं. त्यात वर्षाची सरासरी ३६५.२५ दिवस, खरं सौरवर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं. वर्षाला ११ मिनिटं जास्त, म्हणजे सुमारे १२८ वर्षांत एक दिवस. १५८२ पर्यंत साडेबारा दिवस साठायला हवेत. पोप तेराव्या ग्रेगरीने वगळले फक्त १०. बाकीचे अडीच गेले कुठे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ते अडीच दिवस वगळायचे नव्हतेच. ही सगळी खटपट ईस्टरसाठी होती. ईस्टरची तारीख वसंतसंपातावरून (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तो दिवस) ठरते आणि चर्च त्यासाठी २१ मार्च धरत आलं होतं, इ.स. ३२५ च्या नायसिया इथल्या धर्मपरिषदेच्या काळाप्रमाणे. त्यामुळे सीझरच्या नाही, नायसियाच्या काळापासून मोजा. १५८२ मधून ३२५ वजा केले की १२५७ वर्षं, भागिले १२८, उत्तर ९.८. संपात तोवर ११ मार्चच्या आसपास सरकला होता. म्हणून गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. तारखा गेल्या, पण वारांची साखळी तुटू दिली नाही. मला या सुधारणेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

प्रतिसाद २

आता न्यूटन. नव्या नियमात शतकाचं वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप. १६०० दोन्हीकडे लीप होतं, म्हणून सतराव्या शतकात फरक १० च राहिला. १७०० ज्युलियनमध्ये लीप, ग्रेगोरियनमध्ये नाही. तिथे फरक ११ झाला. इंग्लंडने नवं कॅलेंडर स्वीकारलं ते १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. म्हणजे न्यूटनचं सगळं आयुष्य जुन्या कॅलेंडरात गेलं.

वर्षाचा घोळ निराळा आहे. तेव्हा इंग्लंडात कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. २० मार्चला अजून १७२६ च चालू होतं.

कालपटासाठी सगळ्या तारखा आधी ग्रेगोरियनमध्ये आणा आणि मग ज्युलियन दिनांक (ज्युलियन कॅलेंडरातली तारीख नव्हे, दिवसाचा सलग क्रमांक) काढून वजाबाकी करा. त्यात महिने, वर्षं काही नसतात, सलग दिवस मोजलेले असतात. ४ ऑक्टोबर १५८२ चा आकडा २२९९१६० आणि १५ ऑक्टोबरचा २२९९१६१. खाच कुठे दिसतच नाही.

गॅलिलिओची नोंद असेल तर तीही बघून घ्या. ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ असं सारखं वाचायला मिळतं. गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ ही तारीख ग्रेगोरियन आहे, न्यूटनची २५ डिसेंबर ज्युलियन. एकाच कॅलेंडरात मांडलं की वर्षं वेगळी होतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! गॅलिलिओचा मृत्यू ते न्यूटनचा जन्म हे अंतर नुसत्या छापील तारखांवरून ३५१ दिवस येतं, तुमच्या पद्धतीने ३६१. आता जुनी तारीख कंसात ठेवू की काढूनच टाकू?

प्रतिसाद २

ठेवाच. उद्या रशियातली ऑक्टोबर क्रांती घ्याल, तर ग्रेगोरियनमध्ये ती ७ नोव्हेंबर १९१७ ला येते. कंसात २५ ऑक्टोबर नसेल तर वाचणाऱ्याला नावाचा उलगडा होणार नाही. आणि स्वीडनच्या १७०० ते १७१२ मधल्या नोंदी वेगळ्या तपासा. त्यांनी १७०० चा लीप दिवस गाळला, पुढचे गाळलेच नाहीत आणि शेवटी ज्युलियनवर परतायला १७१२ मध्ये ३० फेब्रुवारी घातली. तारखा बदलणारी तयार साधनं ही तारीख बहुधा चूक म्हणून नाकारतील, ती हाताने भरा.