विषय: बायोमेट्रिक्सची अपॉइंटमेंट, आणि आपली फाइल नेमकी कुणाकडे असते?

प्रेषक: एक नवीन सभासद

नमस्कार मंडळी,

येत्या मंगळवारी माझी आणि बायकोची ग्रीनकार्डच्या बायोमेट्रिक्सची अपॉइंटमेंट आहे. दहा बोटांचे ठसे, फोटो, सही, वीस मिनिटांत बाहेर, हे सगळं माहितीये, माझा प्रश्न वेगळाय. हे ठसे पुढे जातात कुठे? एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) आलो तेव्हापासून यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, आपले केवढे कागद गेलेत, लग्नाचं सर्टिफिकेट, मेडिकल, टॅक्स रिटर्न, आईवडिलांची नावं, पाच वर्षांतले सगळे पत्ते. काल रात्री बायको म्हणाली, उद्या हे कुणाच्या हाती लागलं तर आपण काय करायचं? मला काही उत्तर देता आलं नाही.

आणि अजून एक, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळे आपापला रिसीट नंबर (अर्ज पोचल्यावर मिळणारा केसचा नंबर) टाकतात, कुणाची केस कुठवर आली ते ताडून बघायला. मीही टाकलाय. चुकलं का?

---

प्रेषक: मंडळातली एक जुनी सभासद

अरे, पहिली गोष्ट म्हणजे काळजीपोटी अपॉइंटमेंट चुकवू नकोस. न कळवता गेला नाहीस तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अगदीच जमत नसेल तर आधी तारीख बदलून घे.

ठसे दोन ठिकाणी जातात. एक एफबीआयकडे, गुन्ह्याची नोंद आहे का ते तपासायला. दुसरं होमलँड सिक्युरिटीच्या आयडेंट नावाच्या डेटाबेसमध्ये, आणि तो काही एकट्या यूएससीआयएसचा नाही. विमानतळावर सीबीपीचा, म्हणजे सीमेवर तपासणी करणाऱ्या खात्याचा, ऑफिसर तुझी बोटं काचेवर ठेवायला सांगतो तेव्हा तोही तिथेच जुळवून बघतो. कागदांचंही तसंच. ग्रीनकार्ड मागणाऱ्या प्रत्येकाची एक ए-फाइल असते, म्हणजे त्याच्या सगळ्या इमिग्रेशनच्या कागदांची सरकारी फाइल, ही पद्धत 1944 पासूनची, आणि सरकारने त्या फाइलींबद्दल जी जाहीर नोटीस काढलेली आहे तिच्या नावातच यूएससीआयएस, आयसीई (बेकायदा राहणाऱ्यांना ताब्यात घेणारं खातं) आणि सीबीपी अशी तिन्ही खाती आहेत. म्हणजे आपण एका खिडकीवर कागद देतो आणि ते तीन घरांत वाचले जातात. फाइल नष्टही होत नाही, माणसाच्या जन्माला 100 वर्षं झाली की ती नॅशनल आर्काइव्हजकडे जाते. म्हणून आज फॉर्मवर काय लिहितोस ते नीट बघून लिही.

आता कायद्याचं. 1974 चा प्रायव्हसी अॅक्ट सिटिझन आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे. तुम्ही अजून एच-वनवर, म्हणजे तो तुम्हाला थेट लागू नाही. इतरांनाही तसंच संरक्षण द्यायचं असं होमलँड सिक्युरिटी खात्याचं धोरण बरीच वर्षं होतं, पण 2017 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांचा एक आदेश निघाला आणि ते काढून घ्या असं सांगितलं गेलं. मला हे वाचून फार लागलं होतं, कारण तोवर मी आपल्या सगळ्यांना ‘काही काळजी करू नका, कायदा आहे’ असंच सांगत आले होते.

काही ठिकाणी मात्र नियम खरंच कडक आहेत आणि ते आपल्या बायकांना माहीत हवेत. नवरा सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला आहे, घरात मारहाण होते, आणि बाईने ग्रीनकार्डसाठी स्वतःचा अर्ज स्वतः केला, तर त्या अर्जाबद्दल सरकारी खात्यांनी नवऱ्याला अवाक्षर सांगायचं नाही असा कायदा आहे, अर्ज आलाय की नाही हेसुद्धा नाही. ‘त्याला कळेल’ या भीतीने गप्प बसलेल्या दोघीजणींशी मी स्वतः बोलले आहे. कुणाच्या ओळखीत अशी कुणी असेल तर हे तिच्या कानावर घाला. आश्रय मागणाऱ्यांची माहितीही अशीच गुप्त ठेवायची असते.

पण नियम असले म्हणून चुका थांबत नाहीत. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये आयसीईने वेबसाइट अपडेट करताना ताब्यातल्या 6,252 आश्रय मागणाऱ्यांची नावं, जन्मतारखा, देश आणि कुठे ठेवलंय ते असलेली फाइल चक्क स्वतःच्याच साइटवर टाकली, जवळपास पाच तास ती उघडी होती. ज्या राजवटीपासून पळून आले तिलाच त्यांचा ठावठिकाणा मिळू शकला असता, त्यांच्या जागी आपण असतो तर? आणि 2019 मध्ये सीबीपीच्या एका कंत्राटदाराने परवानगी नसताना प्रवाशांचे फोटो स्वतःच्या नेटवर्कवर उतरवून घेतले आणि मग ते नेटवर्क हॅक झालं. सरकारच्याच तपासात 1,84,000 चेहऱ्यांच्या फोटोंचा आकडा आला. मला यातून दिसतं ते असं की मुख्य तिजोरीपेक्षा बाहेर काढलेली कॉपी जास्त धोक्याची, कुणाच्या तरी एक्सेल शीटमधली, कंत्राटदाराच्या मशीनवरची, वकिलाच्या मेलमधली. वकिलाचं मुद्दाम म्हणतेय, कारण आमच्या केसच्या वेळी वकिलाच्या ऑफिसमधून मला दुसऱ्याच एका कुटुंबाचे पासपोर्ट आणि पगाराच्या स्लिपा आल्या होत्या. मी लगेच फोन करून सांगितलं, मेल डिलीट केला, पण आमचे कागद कुणाकडे गेले असतील हा विचार आजही मनातून जात नाही.

रिसीट नंबरचं म्हणशील तर तो पुसून टाक. तीन अक्षरं आणि दहा आकडे, एवढं ज्याच्याकडे आहे तो कुणीही साइटवर तुझ्या केसचं स्टेटस बघू शकतो. पत्ता वगैरे दिसत नाही, पण ‘तुमचा अमुक फॉर्म अमुक तारखेला आला, त्यात अडचण आहे, पैसे भरा’ असा फोन करणाऱ्याला तेवढंच पुरतं. पासपोर्टच्या पानाचा फोटो टाकणं याहून वाईट. आय-94 च्या (अमेरिकेत आल्याच्या नोंदीच्या) साइटवर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आणि देश टाकला की दहा वर्षांतलं येणंजाणं दिसतं, आणि हे चारही त्या एका पानावर छापलेलं असतं.

बायकोला सांग, एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. आपली फाइल मागवायची. एफओआयए, म्हणजे इथल्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली कुणीही मागू शकतं, सिटिझन असायची गरज नाही, ऑनलाइन अकाउंटमधून अर्ज करायचा. कायद्यात 20 कामाचे दिवस लिहिलेत पण तेवढ्यात येईलच असं धरू नकोस. हा उशीर इतका वाढला होता की 2020 च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने मुदत पाळा म्हणून हुकूम दिला. सिटिझनशिपचा अर्ज करायच्या आधी मी माझी फाइल मागवली होती, काही पानांवर काळे पट्टे मारलेले, पण बाकी सगळं वाचता येत होतं, आणि एका जुन्या फॉर्मवर माझी जन्मतारीख 4 जुलैऐवजी 7 एप्रिल निघाली. मीच आपल्या सवयीने आधी दिवस मग महिना लिहिला होता! इतकी वर्षं ते तसंच पडून होतं. मग सिटिझनशिपच्या अर्जासोबत खुलासा आणि जन्मदाखला जोडला आणि इंटरव्ह्यूत दोन मिनिटांत विषय संपला. तेच तिथे अचानक समोर आलं असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

---

प्रेषक: नाट्यसमिती

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. नाटकाच्या ग्रुपचा पी-3 चा (कलाकारांच्या व्हिसाचा) अर्ज मंडळाच्या नावाने जातो, त्यासाठी सगळ्या कलाकारांचे पासपोर्ट स्कॅन आपण शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतो आणि लिंक समितीच्या ग्रुपवर टाकतो. आत्ता बघितलं तर लिंक असलेल्या कुणालाही फोल्डर उघडतोय, आणि मागच्या दोन्ही दौऱ्यांचे स्कॅन अजून त्यातच आहेत. काय करू? सगळं उडवून टाकू का?

---

प्रेषक: मंडळातली एक जुनी सभासद

दादा, लिंक आधी बंद करा, आत्ताच. जुने स्कॅन उडवण्याआधी मात्र वकिलाला एक फोन करा, अर्जाची आपली प्रत मंडळाने किती वर्षं जपायची ते विचारा, ती ठेवायची असेल तर अध्यक्ष आणि सचिव दोघांनाच उघडेल अशा जागी ठेवा. सुटे स्कॅन काढून टाका आणि रिसायकल बिनसुद्धा रिकामी करा, लोक तेच विसरतात. यंदाच्या कलाकारांना सांगा की स्कॅन थेट वकिलाच्या पोर्टलवर टाका, आमच्यापैकी कुणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. आणि मागच्या दोन्ही ग्रुपना एक मेल जायला हवा की तुमचे पासपोर्ट असे उघडे राहिले होते. अवघड वाटेल, पण तो त्यांचा हक्क आहे. मेल मी लिहून देते, अध्यक्षांच्या सहीने जाऊ दे.

---

प्रेषक: एक नवीन सभासद

ताई, खूप खूप आभार. रिसीट नंबर ग्रुपवरून पुसला, बाकीच्यांनाही सांगितलं, तिघांनी लगेच काढले. मंगळवारी दोघंही जातोय. आणि काल रात्री बायकोने बसून दोघांच्या फाइलींचे अर्ज टाकले. तिच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे आणि लग्नाच्या सर्टिफिकेटवर सासरचं, त्यामुळे तिच्या फाइलीत नक्की काय लागलंय ते तिला आधी बघायचंय.