एका फोनवर अंत्यविधीची सगळी सोय, लातूरात चालंल का?

बार्शीरोडकर:
राम राम मंडळी. मागच्या महिन्यात आमच्या अपार्टमेंटमधले काका रात्री अडीचला गेले, दोन्ही पोरं पुण्यात, आम्ही सात-आठ जणं जमलो पण तिरडी बांधता येणारा एकही नाही. बांबू आला, सुतळी आली, पण कामट्या कशा टाकायच्या न गाठ कुठं मारायची कुणालाच ठाऊक नाही, शेवटी पहाटं गावाकडून त्यांच्या भावकीतले आबा आले तेव्हा बांधली. तेव्हापासून डोक्यात बसलंय की फ्रीजर पेटी, स्वर्गरथ, सामान, गुरुजी सगळं एका फोनवर द्यावं. वाचता वाचता अमेरिकेतली सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल नावाची अंत्यविधीची कंपनी सापडली, १९६२ ला ह्यूस्टनात रॉबर्ट वॉल्ट्रिपनं सुरू केली, घरचं एक फ्युनरल होम (मयताची सगळी सोय करणारी जागा) होतं आन आता दीड हजाराच्या आसपास. एवढी वाढली कशी?

उदगीरचा_ह्यूस्टनात:
भाऊ, एका ठिकाणी काय रोज मयत नसते, गाडी आन माणसं नुसती बसून असतात. त्यानं एकाच शहरातली बरीच होमं विकत घेतली आन गाड्या, ड्रायव्हर, देह तयार करणारी माणसं सगळ्यांत मिळून वापरली, खर्च तिथंच वाचला. १९६९ ला शेअर बाजारात आली. पाटीवर मात्र जुन्या मालकाचंच नाव ठेवतात, बापाला जिथून नेलं तिथूनच लेक आईला नेतो. शिवाय लोकं जिवंतपणीच स्वतःच्या विधीचे पैसे भरून ठेवतात. पण उधारीवर पळू नका. कॅनडाची लोवेन कंपनी तशीच होमं घेत सुटली, कर्जात बुडून १९९९ ला दिवाळखोरीत गेली, पुढं नाव बदलून अल्डरवूड्स झाली आन २००६ ला ह्याच सर्व्हिस कॉर्पोरेशननं ती घेतली.

गंगाखेडवाला:
फ्रीजर पेटी तशी मिळून वापरता येईल, लातूर, अहमदपूर, उदगीर मिळून दोन-तीन पुरतील. पण आपल्याकडं एकच पॅकेज चालत नाही हो. लिंगायतांत बसवून माती देतात, तिथं सरपण नको, खड्डा खणणारी माणसं आन जंगम (त्यांचे विधी करणारे) पाहिजेत. आन खेड्यात हात घालू नका, माझी माय गेली तेव्हा भावकीनंच सगळं केलं, घरात चूल पेटली नाही तोवर शेजारणी भाकरी-पिठलं आणत होत्या. गरज आहे ती फ्लॅटवाल्यांना.

नांदेडची लेक:
दादा, नक्की करा, पण दर आधी सांगा. माझे वडील दवाखान्यात वारले तेव्हा गाडीवाल्यानं दारात आल्यावर ठरल्याच्या दुप्पट मागितले आन मी मुकाट दिले, त्या वेळी घासाघीस करायला तोंड उघडतच नाही, आजही ते आठवलं की जीव जळतो. अमेरिकेत १९८४ पासून नियमच आहे, फोनवर विचारलं तरी दर सांगावा लागतो आन तिथं चौकशीला गेल्यावर एकेका वस्तूची छापील यादी हातात द्यावी लागते. तुम्ही तेवढं तरी घ्याच त्यांच्याकडून.

बार्शीरोडकर:
ताई, रात्रीच यादी लिहायला बसलो, बांबू, कामट्या, सुतळी, मडकं, कापड, गोवऱ्या, गाडी, एकेकासमोर दर, आन लिंगायतांची यादी वेगळी. रविवारी आबांकडं गेलतो, अंगणात दोन बांबू टाकून त्यांनी गाठ शिकवली, तिसऱ्यांदा जमली.