एअर रायफलचा नेम अचानक बिघडला – मदत हवी आहे

मंडळी, माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. लोकलच्या गर्दीत रायफलची पेटी जोरात आपटली, तेव्हापासून छर्रे डावीकडे आणि विखरून जातायत. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा, इथे केसभर फरकही महागात पडतो. हवेचा सिलिंडर भरलेला आहे, ४.५ मिमीचे छर्रे नेहमीचेच, साइटचे (नेम धरायच्या भागाचे) स्क्रूही घट्ट. पण नळीच्या टोकाच्या एअर स्ट्रिपरमध्ये (छर्र्यामागची हवा बाजूला वळवणारा भाग) एकाच बाजूला शिशाचा ताजा ओरखडा दिसतोय. छर्रा तिथे घासतोय ना? नुसता स्ट्रिपर बदलून भागेल की बॅरलच (नळीच) वाकली असेल? हे कसं ओळखायचं? घरी ठोकाठोक मुळीच करायची नाही. दादर-वरळीकडे खात्रीचा कारागीर माहीत असल्यास कृपया सांगा. स्पर्धा तोंडावर आलीय, पोर अगदी रडकुंडीला आलीय.