मदत हवी आहे: एक्स-प्लेन चालू केलं की पॅनल मेलेलं

पांढरा_रस्सा:
कालपासून डोकं उठलंय. एक्स-प्लेन १२ (विमान उडवायचा सिम्युलेटर) उघडलं की पीसीला जोडलेलं कॉकपिटचं पॅनल गप्प. गिअरचे, म्हणजे चाकांचे, तिन्ही दिवे बंद, फ्लॅप्सचा खटका खालवर केला तरी ढिम्म. केबल बदलली, सगळं काढून परत टाकलं. शनिवारी दोस्तमंडळी बघायला येणार आहेत. जरा लवकर सांगा.

वाटाड्या:
कुठलं पॅनल? विंडोज कुठलं? 'सगळं' म्हणजे नक्की काय काढलंत? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट दिसतो का?

जुना खेळाडू:
एफएसयूआयपीसी (पॅनल नि सिम्युलेटर जोडणारा प्रोग्राम) घ्या आणि मोकळे व्हा. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एफएसएक्स सिम्युलेटरपासून वापरतोय, कधी त्रास नाही.

वाटाड्या:
खेळाडूसाहेब, ते एक्स-प्लेनसाठी नाही. तिथं एक्सपीयूआयपीसी लागतं, ते वेगळं.

जुना खेळाडू:
नावात एवढाच फरक. तत्त्व तेच. आणि तुमच्यापेक्षा जास्त विमानं पाडलीत मी.

पांढरा_रस्सा:
भांडू नका राव. विंडोज ११. पॅनल विकतचं नाही, मामेभावाचा उद्यमनगरात कारखाना आहे, त्यानं पत्रा कापून दिला. आत आर्डुइनो मेगा, म्हणजे बटणं-दिवे सांभाळणारा छोटा बोर्ड. पोर्ट कॉम ५ दिसतोय. आणि मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये तेच पॅनल झकास चालतं, म्हणजे पॅनल बिघडलेलं नाही!

वाटाड्या:
दोन सिम्युलेटर आहेत हे आत्ता सांगताय? पॅनलशी बोलणारा प्रोग्राम एक की दोन?

पांढरा_रस्सा:
दोन. एक मायक्रोसॉफ्टसाठी, एक एक्स-प्लेनसाठी, दोन्ही मामेभावानंच लिहिलेत. पण मी एका वेळी एकच सिम्युलेटर उघडतो, मी काय येडा नाही.

सौ. राजारामपुरी:
माझा मुलगा बारावी सायन्सला आहे, पायलट व्हायचंय म्हणतो. असं घरी खेळून सराव होतो का?

जुना खेळाडू:
ताई, कमर्शियल लायसन्सला २०० तास खऱ्या विमानात लागतात. घरचे तास धरत नाहीत. आधी फिजिक्स-गणित सांभाळायला सांगा.

वाटाड्या:
ताई, वेगळा धागा काढा ना. रस्सा, पीसी रिस्टार्ट करून थेट एक्स-प्लेन उघडलं तर?

पांढरा_रस्सा:
मग चालतं की. पण दर वेळी रिस्टार्ट मारत बसू काय?

वाटाड्या:
अहो, हेच पहिल्या ओळीत लिहायचं होतं! कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. पहिल्यानं धरून ठेवला की दुसऱ्याला विंडोज दारातूनच परत पाठवतं. तुम्ही आधी २०२० खेळता. ते बंद केलं तरी त्याचा पॅनलवाला प्रोग्राम मागं चालूच राहत असणार. टास्क मॅनेजर उघडा, तो दिसला की बंद करा, मगच एक्स-प्लेन. तो आपोआप चालू होतो का? मग 'ईएक्सई डॉट एक्सएमएल' फाइल बघा. २०२० सुरू होताना त्यात लिहिलेले प्रोग्राम उघडतं, पण जाताना ते बंद होतीलच असं नाही.

खटपट्या:
मामेभावाला सांगा, सिम्युलेटर गेला की पोर्ट सोडायची ओळ टाक म्हणावं. आणि उद्या मायक्रोसॉफ्टचा पुढचा, २०२४ घेतलात तर त्याची ही फाइल वेगळी असते, तिथं परत लिहावं लागेल.

दुसरा_पीसी:
दोन सिम्युलेटर, दोन पीसी. कटकट संपली.

पांढरा_रस्सा:
पैसे तुम्ही देताय काय?
वाटाड्याभावा, नाद खुळा! त्या ईएक्सई फाइलमधली ओळ दिवाळीत मीच टाकलेली, पार विसरलो. प्रोग्राम मागं लपून बसला होता. मारला, दिवे लागले. उजळाईवाडी विमानतळाच्या धावपट्टी २५ वर उतरायला निघालो. पण आता गिअरचे दोन दिवे हिरवे, पुढच्या चाकाचा लाल. वायरिंग उलटं असेल का?

वाटाड्या:
गिअरचा लिव्हर खाली केल्यावर किती वेळ थांबलात? आणि विमान कुठलं?