परदेशी विद्यापीठात मध्येच प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थिनीने वसतिगृह कोणते निवडावे?

प्रेषक: एका विद्यार्थिनीची आई, टिळकवाडी, बेळगाव

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकीची दोन वर्षे पूर्ण करून येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात जात आहे. तिची बहुतेक क्रेडिट्स तिथे मान्य झाली आहेत आणि आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रमाणपत्र) सुद्धा हाती आले आहे. राहण्याचे मात्र अजून ठरत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वसतिगृहात दोघींना मिळून एक खोली मिळते आणि स्नानगृह मजल्यावर सामाईक असते. विद्यापीठाच्याच फ्लॅटमध्ये चौघींना स्वतंत्र खोल्या व एक स्वयंपाकघर आहे. तिसरा पर्याय म्हणजे आवाराबाहेर तीन भारतीय मुलींबरोबर भाड्याने राहणे, आणि महिन्याच्या हिशेबाने तोच सर्वांत स्वस्त दिसतो. तिच्या आजीला वाटते की पोरीने आपल्या माणसांत राहावे, यजमानांना खर्चाची चिंता आहे, आणि खानापूर-निपाणीकडचे सगळे नातेवाईक पहिला प्रश्न जेवणाचा विचारतात. आपणांपैकी ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रेषक: एक सभासद, मूळ गाव खानापूर, सध्या मिशिगन

वहिनी, सप्रेम नमस्कार.

मी आधीच सांगते की माझे मत विद्यापीठाच्या फ्लॅटकडे झुकते, परंतु एक गोष्ट विचारून घेतल्यावरच. तिसऱ्या वर्षाच्या मुली बहुधा आदल्या वर्षीच्या मैत्रिणी मिळून फ्लॅट घेतात, आणि एखादी जागा रिकामी राहिली की तिथे नव्याने आलेल्या मुलीला घातले जाते. तिघी एकमेकींच्या सवयीच्या आणि चौथी परकी, अशी अवस्था झाली तर स्वतंत्र खोलीचे सुख फार दिवस टिकत नाही. म्हणून दुसऱ्या महाविद्यालयांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एखादा मजला किंवा काही फ्लॅट राखून ठेवलेले आहेत का, हे तिने गृहनिवास कार्यालयाला पत्र लिहून विचारावे. पुष्कळ विद्यापीठांत अशी सोय असते, पण ती मागावी लागते. पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात सगळेच नवे असल्यामुळे ओळखी लवकर होतात, हे खरे. तरी तिथली मुले अठरा वर्षांची, त्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा वेगळ्या, आणि आपल्या मुलीला प्रयोगशाळेचे काम घेऊन रात्री बसायचे असणार.

हे पत्र तिनेच लिहावे. आपल्याकडे वडील कॉलेजच्या ऑफिसात जाऊन क्लार्कशी बोलतात आणि काम होऊन जाते. तिथे १९७४ च्या कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या लेखी संमतीवाचून त्याच्या नोंदी सहसा पालकांनाही दाखवत नाहीत. शिवाय प्रवेशाचा अर्ज आणि राहण्याचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगवेगळे असतात, जागा अर्जाच्या तारखेप्रमाणे दिल्या जातात आणि मध्येच येणाऱ्यांना जागेची हमी पुष्कळदा नसते. तेव्हा अर्ज व अनामत रक्कम याच आठवड्यात भरावी, आणि कोणत्या तारखेपर्यंत रद्द केल्यास पैसे परत मिळतात, हे आधी वाचावे.

खर्चाची तुलना महिन्याच्या भाड्यावरून करू नका. वसतिगृहाचा करार साधारणपणे शैक्षणिक वर्षापुरता असतो आणि त्यात पलंग, टेबल, वीज, पाणी, इंटरनेट हे सगळे धरलेले असते. बाहेरचा करार बहुधा पूर्ण बारा महिन्यांचा असतो, म्हणजे मुलगी उन्हाळ्यात बेळगावला आली तरी भाडे चालूच राहते. शिवाय नव्या परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेतला आर्थिक इतिहास, म्हणजे कर्जे-बिले वेळेवर फेडल्याची नोंद, नसल्यामुळे घरमालक तिथलाच जामीनदार मागतो किंवा जास्तीची अनामत घेतो.

जेवणाचे सांगते. पारंपरिक वसतिगृहात मील प्लॅन, म्हणजे भोजनगृहातल्या जेवणाचे पैसे आगाऊ भरण्याची योजना, बहुधा सक्तीचा असतो, फ्लॅटमध्ये सहसा नसतो. शाकाहारी माणूस तिथल्या भोजनगृहात उपाशी राहत नाही, पण रोज तेच सॅलड आणि पास्ता खाऊन दोन महिन्यांत आमटी-भाताची आठवण येतेच, आणि स्वयंपाकघर असले की ती भूक भागते. मात्र लाल मिरचीची फोडणी देताना तेल फार तापू देऊ नये आणि पंखा आधी लावावा, कारण धुराचा भोंगा वाजला की जानेवारीच्या थंडीत रात्री अकरा वाजता सुद्धा सगळी इमारत रस्त्यावर उभी राहते. उदबत्ती, निरंजन आणि मेणबत्ती यांना बहुतेक वसतिगृहांत मनाई आहे. देवघरासाठी विजेचा छोटा दिवा द्या, आजींची समजूत मी स्वतः फोनवर घालीन.

आणखी दोन गोष्टी. डिसेंबरच्या सुट्टीत काही वसतिगृहे बंद होतात आणि परदेशी मुलांना जायला जागा नसते, म्हणून सुट्टीतही उघडी राहणारी इमारतच मागावी. दुसरे, व्हिसाच्या नियमाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू होण्याआधी तीस दिवसांपर्यंत तिला प्रवेश मिळतो, पण वसतिगृहाचे दार त्यानंतर कितीतरी दिवसांनी उघडते. ती तारीख कळल्यावरच सांबऱ्याहून (बेळगावच्या विमानतळावरून) पुढचे विमान ठरवा. पोहोचल्यावर पत्ता विद्यापीठाला कळवावा, आणि पुढे बदलला तर दहा दिवसांच्या आत.

प्रेषक: एक सभासद, निपाणी

आमचा मुलगा बाहेर राहतो आणि ठीक आहे, त्यामुळे तो पर्याय पूर्ण टाकून देऊ नये. एवढेच पाहावे की करार प्रत्येक मुलीचा स्वतंत्र आहे की चौघींचा एकत्र. एकत्र असेल आणि एखादी मुलगी मध्येच सोडून गेली, तर तिच्या वाट्याचे भाडेही उरलेल्यांनाच भरावे लागते. आणि आवारातील सुरक्षिततेची आकडेवारी प्रत्येक विद्यापीठ दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांची जाहीर करते, वसतिगृहांची वेगळी. ती वाचल्याशिवाय सही करू नये.

प्रेषक: एका विद्यार्थिनीची आई, टिळकवाडी, बेळगाव

ताई, आपल्या सविस्तर पत्राबद्दल आणि निपाणीकर काकांच्या सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री मुलीने स्वतः पत्र लिहून राखीव मजल्याची व डिसेंबरमधल्या सोयीची चौकशी केली आहे, आणि फ्लॅटचा अर्जही भरला आहे. बारा महिन्यांचा हिशेब मांडल्यावर यजमानांनीच बाहेरचा पर्याय बाजूला ठेवला.

आजींचा आग्रह मात्र कायम आहे की फ्लॅटमध्ये निदान एक मराठी मुलगी असावी. मला तसे वाटत नाही. आमच्या गल्लीत तिने घरी मराठी, शेजारी कन्नड, बाजारात हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा चार भाषांत बालपण काढले आहे, तेव्हा निराळ्या भाषेच्या मुलीबरोबर एका छताखाली राहणे तिला अवघड जाऊ नये. तरीही आजींना आपण एकदा फोन करावा, ही विनंती. रविवारी सकाळी आमच्या वेळेने दहानंतर त्या घरीच असतात.