पोटासाठी वाजवणारे (अनुभव धागा)

धानाची बांधी
परवा धान चुरून आणलं, अंग ठणकत होतं, झोप येईना. लेकानं मोबाइलवर एक जुना इंग्रजी सिनेमा लावून दिला, 'द फॅब्युलस बेकर बॉइज', 1989चा. सिएटलमधले दोन भाऊ हॉटेलांमध्ये दोन पियानो मांडून वाजवतात. लोक पितात, गप्पा हाणतात, यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. धंदा बसायला लागतो म्हणून गाणारी बाई ठेवतात, आणि मग भावाभावांत बिनसतं.

थांबवून थांबवून पाहिला. आमचा दादा झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रात्रभराच्या नाटकांत, ऑर्गन वाजवायचा, मी तबला. वडशाच्या एका नाटक कंपनीत सहा सीझन केले. दिवाळीनंतर निघायचं ते होळीला घरी. पडदा अकराला उघडायचा, सुटायला उजाडायचं. थंडीत बोटं लाकडासारखी होत. दादा दर अंकानंतर चहाचा गिलास दोन्ही हातांत धरून बसायचा, प्यायचा नाही. निवला की मला द्यायचा. सहा सीझन मी थंड चहा प्यालो.

आमच्याकडेही गाणारी बाई आली होती. ते नंतर लिहितो, वहिनी वाचतात. तुमच्याकडचे वाजवणारे? बँड, भजन, कोणीही चालेल.

वऱ्हाडी ठेचा
वहिनी वाचतात 😂 भाऊ, तुमचं आता काही खरं नाही.

पऱ्हाटीवाली
बाबा बँडात क्लॅरोनेट वाजवत. लग्नसराईत घरी दिसतच नसत. माझ्या लग्नात बँडचा क्लॅरोनेटवाला आलाच नाही. बाबांनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि नवरदेवाला स्वतः वाजवत मांडवात आणलं. नवरीचा बाप! मी खिडकीतून पाहत होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता वाटतं, कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवायला हवं होतं. कुकर झाला, येते.

चौथी शिट्टी
बैलांचा पट, म्हंजे शर्यत, 2014ला कोर्टानं बंद केला तवा आमच्या गावचं नाटकही गेलं. पट नाही त पाहुणे नाही, पाहुणे नाही त नाटक कायले ठेवतीन? 2021च्या डिसेंबरात परवानगी आली न पुन्हा मांडव पडला. 2023ले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री भेटली, लय बरं वाटलं. पण पेटीवाल्याचं नाव बोर्डावर अजून सगळ्यात खालीच.

वऱ्हाडी ठेचा
पटाची जोडी हाये का अजून?

चौथी शिट्टी
इकली. ट्रॅक्टरचा हप्ता कोण भरन बाप्पा?

रिकामी खुर्ची
सिनेमा पाहिलाय. जेफ आणि बो ब्रिजेस खरे सख्खे भाऊ आहेत, म्हणून ते भांडण नाटकी वाटत नाही. मिशेल फायफर स्वतः गायली आहे. थोरला टकलावर काळा रंग फवारतो ते पाहून आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक आठवला. मिशीला बूटपॉलिश लावायचा. दुसऱ्या गाण्यापर्यंत घामानं हनुवटीवर. एका गावानं 500 रुपये इसार देऊन 'बाकी उद्या' सांगितलं होतं. तो उद्या 2009पासून चालू आहे.

पऱ्हाटीवाली
कापूस विकला का कोणी? की ठेवायचा अजून?

धानाची बांधी
ताई, आमच्याकडे धान. कापसाचं ठेचाभाऊला विचारा.

बरं, ती बाई. नागपूरकडची होती, काळी चारात गायची, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. एका रात्री तिचा घसा बसला. तिसऱ्या अंकात लावणी, पब्लिक तिच्यासाठीच थांबलेलं. दादानं कोणाला न विचारता सूर उतरवून काळी तीन धरली. माझा तबला चारावरच बोंबलतोय, अंधारात तबला उतरवायची हातोडी सापडेना! मी शिव्या देतोय, तर दादा स्टेजकडे पाहतोय. तिनं नुसती मान वळवून पाहिलं न गाणं उचललं. वन्समोअर आला. होळीनंतर ती दुसऱ्या कंपनीत गेली. बस, एवढंच. सिनेमातली तर मांजराच्या खाद्याची जाहिरात गायला जाते.

चौथी शिट्टी
एवढंच?? हातोडी भेटली का नाही मंग?

धानाची बांधी
माझ्याच मांडीखाली होती.

दादांच्या घरून
वाचलं बरं का भाऊजी. गिलास अजून तसाच धरतात. तो थंड चहा आता माझ्या वाट्याला.